घण उचलण्याआधी : जीप-जिप्सीचे स्टीअरिंग घरी उघडणाऱ्यांसाठी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की मावळात, भोर-वेल्ह्याकडे आणि कोकणात उतरणाऱ्या कच्च्या वाटांवर गाड्या घालणाऱ्यांची तयारी सुरू होते. जिप्सी किंवा महिंद्राची जुनी जीप दोन इंच उंच करायची, मोठे टायर चढवायचे आणि हे सगळे अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच करायचे, असा कल वाढतो आहे. हौस चांगली आहे. स्वतःच्या हाताने गाडी उघडणाऱ्याला तिची खोड लवकर कळते. पण नवे भाग कोणते घ्यावेत यावर जेवढे लिहिले-बोलले जाते, त्याच्या दशांशही जुने भाग काढायचे कसे यावर होत नाही. स्टीअरिंगच्या कामात धोका तिथेच शिरतो. काढताना बसलेला मार बाहेरून दिसत नाही आणि गाडी काही दिवस बिनतक्रार धावतेही. म्हणून हे पत्र.

पुढचा अ‍ॅक्सल अखंड आणि त्यावर पाटे, अशा गाड्यांत स्टीअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर ड्रॉप आर्म असतो. कंपनीच्या पुस्तकात त्याला पिटमन आर्म म्हणतात. त्याच्यापासून ड्रॅग लिंक हा दांडा निघून नकलपर्यंत, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या भागापर्यंत, जाते. गाडी उंच केली की बॉक्स चेसिसबरोबर वर जातो, अ‍ॅक्सल खाली राहतो आणि ड्रॅग लिंक जास्त तिरकी होते. मग खड्ड्यात चाक वर-खाली झाले की स्टीअरिंग आपोआप ओढले जाते. त्यावर उपाय म्हणून जास्त वाकाचा आर्म बसवतात. नवा आर्म हातात येतो, पण वीस-पंचवीस वर्षे जागेवर बसलेला जुना आर्म काही केल्या हलत नाही. इथून मारामारी सुरू होते.

हातोडा हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : जो भाग काढतो आहोत तो परत बसणार आहे की भंगारात जाणार आहे? काढायची रीत यावरच ठरते. जुना आर्म भंगारात जाणार असेल तर त्याला कापला तरी चालेल. पण तो ज्या शाफ्टवर बसला आहे तो शाफ्ट, बॉक्समधल्या गोळ्या, ऑइल सील, नकलचे टेपर (निमुळते) भोक हे सगळे गाडीतच राहणार आहे. बहुतेक जण आर्मवर नजर ठेवून मारतात आणि मार शाफ्टला बसतो.

सुरुवात दोन दिवस आधी करावी. तारेच्या ब्रशने नट आणि आट्यांवरचा चिखल, गंज, जुना रंग काढावा. लाल मातीचा थर वाळला की तेल आत जाऊच देत नाही, म्हणून नुसते वरून फवारण्यात अर्थ नाही. मग गंज सोडवणारे तेल सकाळ-संध्याकाळ सोडावे आणि प्रत्येक वेळी आर्मच्या डोळ्यावर (ज्यात शाफ्ट बसतो त्या भागावर) बाजूने हातोडीचे हलके ठोके द्यावेत. कंपनाने तेल फटीत उतरते. किनारपट्टीवरच्या गाड्यांना खाऱ्या हवेमुळे आणखी एक-दोन दिवस द्यावे लागतात. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे मिसळूनही काम होते, मात्र ते मिश्रण पेट घेते आणि जॉइंटवरच्या रबराच्या बूटला (आवरणाला) लागता कामा नये.

ड्रॉप आर्मचा नट सैल करताना ड्रॅग लिंक जोडलेलीच ठेवावी, चाके सरळ आणि टायर जमिनीवर. ही गोष्ट फार थोडे जण पाळतात. लिंक आधी सोडली की नटाला जोर देताना आर्म फिरतो, मग कोणीतरी स्टीअरिंग एका टोकापर्यंत वळवून धरतो आणि लांब दांड्याचा सगळा जोर बॉक्सच्या आतल्या वर्म-सेक्टर गिअरवर जातो. लिंक जोडलेली असली की तो जोर आर्ममधून टायरांवर जातो. लॉक वॉशरची जीभ असेल तर आधी सरळ करावी. सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरावी. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. नट हलला की पूर्ण काढू नये. दोन-तीन आटे सुटतील इतकाच सोडून तसाच ठेवावा, म्हणजे आर्म निसटला तरी अंगावर येत नाही आणि पुलरखाली (आर्म ओढून काढायच्या साधनाखाली) शाफ्टच्या टोकाचे आटे शाबूत राहतात.

आता खूण. आर्म आणि शाफ्ट या दोन्हींवर एका रेषेत पंचाने ठिपका मारावा. नुसती खडूची रेघ तेलाने पुसली जाते. आर्म शाफ्टवरच्या दातांत बसतो. काही शाफ्टवर एखादा दात रुंद किंवा गायब असतो, त्यामुळे आर्म चुकीचा बसतच नाही; पण सगळ्या गाड्यांत ती सोय नाही. एक दात जरी सरकला तरी स्टीअरिंग एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळते. मग लोक स्टीअरिंग व्हील काढून सरळ करून बसवतात. व्हील सरळ दिसते, बॉक्स मात्र आपल्या मध्यावर राहत नाही. मध्यावरच त्याचा खेळ सर्वांत कमी ठेवलेला असतो, म्हणून सरळ रस्त्यावर गाडी भटकू लागते.

पुलर आर्मसाठीचाच हवा : जाड लोखंडाचा, घोड्याच्या नालेसारखा, आर्मच्या मागे पूर्ण बसणारा. बेअरिंग काढायचा तीन पायांचा पुलर इथे चालत नाही. त्याचे पाय बारीक असतात, ते फाकतात आणि निसटतात. पुलरच्या स्क्रूला ग्रीस लावावे आणि त्याचे टोक शाफ्टच्या बरोबर मध्यात टेकले आहे ना ते पाहावे. जोर वाढवत न्यावा, थांबावे, आणि मग ज्या डोळ्यात शाफ्ट बसला आहे त्याच्या कुशीवर किलो-दीड किलोच्या हातोड्याने आडवा ठोका द्यावा. आर्म निघणार असेल तर मोठा ‘टण्ण’ असा आवाज येतो आणि पुलरचा स्क्रू एकदम हलका लागतो. नाही आला तर पाव फेरा आणखी, पुन्हा ठोका, थोडा चहा, पुन्हा ठोका. ताण तसाच ठेवून रात्रभर सोडलेला आर्म सकाळी एका ठोक्यात निघतो, हे गॅरेजमध्ये नेहमीचे आहे.

पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर किंवा शाफ्टच्या टोकावर मात्र कधीही मारू नये. तो धक्का सरळ बॉक्समध्ये जातो. आतल्या गोळ्या आपल्या वाटेवर खळगे पाडतात आणि नंतर स्टीअरिंग फिरवताना बारीक खटखट लागते. ती अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून जात नाही. उलट आवळल्याने बॉक्स जड होतो.

पुलर बसायला जागा नसेल तर बॉक्सच खाली उतरवावा. कॉलमच्या कपलिंगचा बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो शाफ्टच्या खाचेतून जातो. नुसता सैल करून ओढणाऱ्यांच्या हाती कपलिंगचे तुकडे येतात. एअरबॅग असलेल्या गाडीत कॉलम मोकळा झाल्यावर स्टीअरिंग फिरू देऊ नये, आतली गुंडाळलेली वायर तुटते. २०२० नंतरच्या थारसारख्या रॅक-पिनियनच्या गाड्यांत ड्रॉप आर्म नसतोच, तिथे खालचे फक्त टाय रॉडबद्दलचे (चाकांना वळवणाऱ्या दांड्याबद्दलचे) वाचावे.

एवढ्यानेही आर्म हटला नाही आणि तो भंगारातच जाणार असेल, तर कापणे हा गॅसपेक्षा चांगला मार्ग आहे. ग्राइंडरने आर्मच्या डोळ्यावर, शाफ्टला समांतर, एक चीर पाडायची आणि आतल्या दातांच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर आधी थांबायचे. त्या चिरेत छिन्नी ठोकली की डोळा फाकतो आणि पकड सुटते. चकतीने शाफ्टच्या दातांना स्पर्श झाला तर तो शाफ्ट बदलावा. चष्मा आणि हातमोजे हवेतच. तेलाने ओल्या झालेल्या भागावर ठिणग्या उडतात, म्हणून आधी सगळे पुसून घ्यावे.

गॅसच्या बत्तीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : घरी वापरू नये. हे भाग घडीव पोलादाचे आणि उष्णता देऊन कणखर केलेले असतात. पोलादावर निळी झाक आली म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअस ओलांडले. लाल झाले तर ती कणखरता गेलीच. आर्म भंगारात जाईल, पण उष्णता शाफ्टमध्ये आणि ऑइल सीलमध्ये उतरते. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला तर ज्योत दाखवूच नये; क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. गरम हवेची गन चालते, तीही बूट आणि सीलपासून लांब.

टाय रॉड आणि ड्रॅग लिंकच्या बॉल जॉइंटची गोष्ट वेगळी आहे. त्याचा स्टड, म्हणजे आटे असलेले टोक, टेपर असतो आणि पकड त्या टेपरची असते, नट फक्त त्याला ओढून बसवतो. त्यामुळे नट काढला तरी जॉइंट तसाच राहतो. नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढावी, नट उलटा करून दोन-तीन आट्यांवर ठेवावा. मग नकलच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन हातोडे धरून एकाच वेळी मारावे, किंवा एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसरीकडून मारावे. भोक क्षणभर लंबगोल होते आणि स्टड सुटतो. खालून स्टडवर मारणाऱ्यांचे आटे मरतात.

दोन दातांचा काटा ठोकून जॉइंट काढायची पद्धत सर्रास आहे. काट्याने रबराचा बूट फाटतोच. जॉइंट बदलणार असाल तर खुशाल वापरा. परत बसवणार असाल तर नको. फाटक्या बूटमधून पहिल्याच ओढ्यात पाणी आणि वाळू आत जाते, ग्रीस धुऊन निघते आणि बॉल खाऊ लागतो.

कधी उलटे होते : टेपर सुटतो पण नट गंजलेला, मग नटाबरोबर स्टडही फिरतो. अशा वेळी जॉइंटच्या बुडाखाली जॅक लावून स्टड वर दाबावा, टेपर पुन्हा पकड घेतो आणि नट फिरतो. तरीही नाही जमले तर नट छिन्नीने उभा फोडावा.

टाय रॉड एंड दांड्यातून काढायचा असेल तर लॉक नट जॉइंट जागेवर असतानाच सैल करावा. सुटल्यावर धरायला काही उरत नाही. एका टोकाला उलटे आटे असतात. तिथे जोर लावूनही नट जास्त आवळला जातो आहे असे वाटले तर आट्यांचा कल डोळ्याने पाहून घ्यावा. काढण्याआधी दोन्ही स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. फेरे मोजण्यापेक्षा ते भरवशाचे, कारण नव्या एंडची लांबी जुन्याइतकीच असेल असे नाही.

बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ असावा, त्याला ग्रीस लावू नये. बाजारातल्या नव्या आर्मचे भोक तपासून घेणे अत्यंत गरजेचे आहे. स्टडला मार्करचा पातळ थर द्यावा, हाताने बसवून थोडे फिरवावे आणि काढून पाहावे. रंग बहुतेक सगळीकडून पुसला गेला तर टेपर जुळतो. एकाच कडेला घासला असेल तर तो आर्म परत करावा. भोक मोठे असेल तर स्टड जास्त आत जातो आणि नट आट्यांच्या शेवटी जाऊन अडतो. पान्याला घट्ट लागते पण टेपर बसलेला नसतो. असा स्टड रोज थोडा हलतो आणि शेवटी तुटतो.

नट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला. स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आवळावे, मागे सैल करू नये. स्प्लिट पिन दर वेळी नवी. नट आणि आर्म यांवर रंगाची एक रेघ ओढून ठेवली की पुढे नट हलला का ते एका नजरेत कळते. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासावा, आणि त्याआधी टो-इन (पुढच्या चाकांचा एकमेकांकडे असलेला कल) मशीनवर लावून घ्यावा. स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, चाक पूर्ण लटकलेले आणि पूर्ण दबलेले असताना, लिंक पाट्याला लागत नाही आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही हेही बघावे. अंगणातल्या मातीत जॅक रुततो. गाडी टेकवायच्या घोडीखाली जाड फळी हवी आणि गाडी फक्त जॅकवर असताना खाली शिरू नये. आणि आर्म किंवा लिंक कापून वेल्डिंग केलेली असेल तर ती कितीही सुबक दिसली तरी नाकारावी.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावे.

आमच्या दोन मागण्या आहेत. उंची वाढवायचे किट विकणाऱ्यांनी त्यासोबत आर्मचा योग्य पुलर भाड्याने द्यावा आणि टेपरचे माप पावतीवर लिहून द्यावे. चिखलातल्या स्पर्धा आणि सहली भरवणारे हेल्मेट, सीटबेल्ट, दोरखंड तपासतात. त्यांनी सुरुवातीच्या रांगेत प्रत्येक गाडीखाली टॉर्च मारून ड्रॉप आर्मचा नट, चारही बॉल जॉइंटच्या स्प्लिट पिना आणि बूट पाहावेत. एका गाडीला दोन मिनिटे लागतात. पिन नसलेली गाडी पुढे सोडू नये, मालक कितीही ओळखीचा असला तरी.

आपले,
जीप-जिप्सीची कामे करणारे काही वाचक, पुणे