म्हैसूरची तिकिटे काढली आहेत

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई "बघू" म्हणते आणि बाबा पावसाची चौकशी सुरू करतात, म्हणून या वेळी आधी ठरवून टाकले आणि मग लिहायला बसले. तुळशीची लग्ने उरकली की मी तुम्हां दोघांना घेऊन म्हैसूरला जाणार आहे. सावंतवाडी रोडपासून मंगळूरपर्यंतची तिकिटे काढली आहेत, दोघांनाही खालचे बर्थ मिळाले आहेत आणि मंगळूरला रात्रीचा मुक्काम करूनच पुढे जायचे आहे, म्हणजे दगदग होणार नाही. दसऱ्याला तिथे जंबू सवारीसाठी, म्हणजे हत्तींच्या मिरवणुकीसाठी, लोटणारी गर्दी बाबांच्या गुडघ्यांना झेपली नसती, उशीर केला तर गावची जत्रा चुकली असती आणि मोहोर आल्यावर तर बाबा बाग सोडून उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. भात तोवर घरात आलेले असेल. पैशांचा विषय कृपा करून काढू नका. आमच्या शिक्षणापायी तुमच्या किती सहली राहिल्या, हे मला ठाऊक आहे.

काशी सोडून म्हैसूर का, असे आई विचारील. काशीला आपण जाऊच, पण माजघरातल्या भिंतीवर इतकी वर्षे जपलेले ते हातात समई घेतलेल्या बाईचे चित्र मूळ स्वरूपात म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. आई, ते रविवर्म्याचे नव्हे. ते आपल्याच सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी रंगवले आणि त्यासाठी त्यांची मुलगीच समोर उभी राहिली होती. ज्योतीला आडोसा केलेल्या हाताच्या बोटांमधून जो लालसर उजेड झिरपतो, तो तेलरंगांतला नसून जलरंगांतला आहे, यावर कॅलेंडरवरची प्रत पाहून विश्वास बसत नाही. रविवर्म्याची चित्रेही तिथे आहेत, पण आपण आधी आपल्या माणसाचे पाहू.

बाबांसाठी सोमनाथपूर ठेवले आहे. शहरापासून गाडीने तासाभरावर असलेले हे केशव मंदिर होयसळ राजांच्या काळात, तेराव्या शतकात, सोमनाथ नावाच्या दंडनायकाने, म्हणजे सेनापतीने, बांधवले. 2023 पासून ते बेलूर-हळेबीडसह जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होत जातो, अगदी आपल्या जांभ्याच्या चिऱ्यासारखा. पण चिऱ्याला जाळी असते आणि या दगडावर देवीच्या गळ्यातल्या हाराचा मणी न्‌ मणी सुटा कोरता येतो. भिंतीवर खाली हत्तींची रांग आहे, तिच्यावर घोडेस्वार, आणि कित्येक मूर्तींखाली मल्लितम्म या शिल्पकाराने आपले नाव कोरून ठेवले आहे. घराचा एकेक चिरा स्वतः पारखून घेणाऱ्या माणसाने हे काम पाहायलाच हवे. तिथे पूजा चालत नाही, तेव्हा आईने फुलांची परडी बरोबर घेऊ नये.

म्हैसूरचा मुख्य राजवाडा मोठाच आहे. जुना लाकडी वाडा 1897 मध्ये जळाला आणि आजचा 1912 मध्ये पुरा झाला. रविवारी संध्याकाळी त्यावर जवळजवळ लाखभर दिवे लागतात, ते समोर बसून निवांत पाहता येतील. चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या आपण चढणार नाही. देवीपर्यंत आणि अखंड पाषाणातल्या त्या प्रचंड नंदीपर्यंत गाडी जाते. कृष्णराजसागर धरणाखालची वृंदावन बाग दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या देखरेखीखाली 1932 च्या सुमारास टप्प्याटप्प्यांनी आकाराला आली. लोक तिथे संगीत कारंज्यासाठी गर्दी करतात, पण मला त्याचे विशेष कौतुक नाही. आपण दुपारनंतर लवकर जाऊ, खालच्या टप्प्यावर बसू आणि बाबांना वाटले तरच थांबू.

खोली तळमजल्यावर सांगितली आहे, कमोड आहे, पहाटे गरम पाणी मिळेल. सकाळच्या पेजेसाठी उकडे तांदूळ मी घेतले आहेत आणि खोलीत विजेची शेगडी चालेल, असे विचारूनही ठेवले आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते रंगवणाऱ्यांसमोरून मी हलत नसे, तेव्हा मला घाई न करता बाबा मोतीतलावाच्या काठावर कितीतरी वेळ वाट पाहत थांबायचे. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनीही गंजिफाला मोठा आश्रय दिला होता. आता तुम्ही हवे तितके रेंगाळा, मी थांबेन.

मात्र निघण्याआधी बाबांनी डॉक्टरांना गुडघे दाखवायचेच, गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवायची आणि काठीला नाही म्हणायचे नाही. राजवाड्यात पादत्राणे काढावी लागतात, तेव्हा पट्ट्याच्या नव्हे, सहज सरकवता येणाऱ्या चपला घाला. कोंबड्या आणि गोठा शेजारच्या वहिनी पाहणार आहेत, त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे, त्यामुळे ती सबब चालणार नाही. आईने लोणच्याची काचेची बरणी आणू नये. न्यायचेच असेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, आणि तो डबा माझ्या पिशवीत.

तुमची,
धाकटी