नकाशा काढायचा की चिकटवायचा?

संपादक महोदय,
स. न.

भूगोलाच्या शिक्षणावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. वर्गात डिजिटल फळा आला की मुलांना नकाशा समजू लागेल, हे मला अजिबात पटलेलं नाही.

माझा नातू सातवीत आहे. परिसराच्या प्रकल्पासाठी त्यानं ठाण्यातल्या कोपिनेश्वर मंदिरापासून गडकरी रंगायतनपर्यंत तलावपाळीच्या कडेनं पावलं मोजली, होकायंत्रानं दिशा घेतल्या आणि १ सेंमीला २० मीटर असं प्रमाण धरून नकाशा काढला. मिळाले निम्मे गुण. शेरा काय, तर 'नीटनेटका नाही'. ज्यांनी मोबाइलवरचा नकाशा छापून वहीत चिकटवला, त्यांना पूर्ण गुण! मी भूकरमापक होतो, म्हणजे जमिनीची मोजणी करायचो; ३३ फुटी साखळी ओढत काम शिकलो. पोरानं केली ती खरी मोजणी होती. काठाचं एक वळण जुळेना म्हणून तो पुन्हा जाऊन मोजून आला होता. त्या खाडाखोडीचेच गुण कापले. आता तो म्हणतो, पुढच्या वेळी छापूनच देईन. याचा मला संताप येतो.

अभ्यासक्रमात काही कमी नाही. तिसरीत दिशा व नकाशा, सहावीत अक्षांश-रेखांश, दहावीत भारत आणि ब्राझील. पण शिकवणीत परीक्षेला येणाऱ्या ठिकाणांची यादी पाठ करून घेतात. मुलं ब्राझीलमधल्या मानौस शहराचा ठिपका अचूक देतात आणि येऊरचा डोंगर शाळेच्या कुठल्या बाजूला, असं विचारलं की गप्प बसतात. आपल्या पश्चिमेला डोंगर, पूर्वेला खाडी. डोंगरावरचं पाणी नाल्यांनी खाडीकडे जातं आणि भरतीला अडतं. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषा, वाचता आल्या, तर ते कुठून कुठे वाहणार हे कागदावरच कळतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून मोफत मिळतात. कॉलेजपर्यंत कशाला थांबायचं? आठवीच्या वर्गात ते टेबलावर पसरा आणि मुलांना घेऊन येऊरला जा. त्याला डिजिटल फळा लागत नाही.

जाता जाता, आपण मेट्रो-४ चा नकाशा छापला होता. त्यात ना प्रमाण होतं, ना उत्तर दिशेचा बाण. शाळांना शिकवण्याआधी आपल्या अंकातले नकाशे तरी या दोन गोष्टींसह छापावेत, ही विनंती.

— एक निवृत्त भूकरमापक, नौपाडा, ठाणे