टॅबलेट द्या, पण सोबत व्हर्निअरही द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण व साक्षरता मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेत माझे छोटे मशीन शॉप आहे. बेळगाव-खानापूर भागातली, मराठी माध्यमातून दहावी झालेली पोरे आमच्याकडे कामाला येतात. मोबाईलवर त्यांची बोटे अशी फिरतात की बघत राहावे. पण हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचे जबड्यांचे हत्यार, दिला की जॉब (मोजायचा भाग) कुठे धरायचा इथूनच सुरुवात. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, 0.02 मि.मी. हे तोंडपाठ, जबडे किती दाबायचे ते बोटांना ठाऊक नाही. जास्त दाबले की माप चुकते, आणि हा दाब काचेवर बोट फिरवून येत नाही. पोरे हुशार आहेत, शिकतात. शाळेत कोणी हाती दिला नाही, एवढेच.

म्हणून शाळांत टॅबलेट वाटण्याची भाषा निघाली की धास्ती वाटते. 2011 मध्ये केंद्राने ‘आकाश’ टॅबलेट केवढा गाजावाजा करून आणला! आज त्याचे नावही कोणी काढत नाही.

माझा विरोध नाही. उलट, टॅबलेट कुठे हवा ते सांगतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस साच्यात पडतो तेव्हा साधारण 1,400 अंश सेल्सिअस असतो. आठवीच्या मुलाला तिथे उभे करता येणार नाही. ते व्हिडिओत दाखवा, थांबवून थांबवून. पण पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा तयार होतो तो नमुना, त्याच्या हातात द्या. बीड निवताना सुमारे 1 टक्का आकसते, म्हणून 300 मि.मी.च्या भागासाठी पॅटर्न 303चा लागतो. शाळेत बिडाऐवजी मेण घ्या. गुरुजींनी ओतावे, निवल्यावर मुलांनी मोजावे, आकडे टॅबलेटवर भरून आलेख काढावा. शेकडेवारी अशी शिकलेला मुलगा मला लगेच कामाला चालेल.

2020च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, कारागिरांकडे शिकण्याची सोय आहे. आपल्या सरकारला ते धोरण नको, ते तुमचे राजकारण. पण तेवढे दहा दिवस उचला. खानापूरला मातीकाम आहे, शहापूर-वडगावला माग आहेत, इथे आम्ही आहोत.

आणि टॅबलेटमधला मजकूर मराठीत हवा. मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके आपलेच सरकार छापते, मग त्यांवरचे धडे कन्नड-इंग्रजीतच का असावेत? कन्नडला आमची ना नाही, शॉपमध्ये दोन्ही भाषा एकाच वाक्यात चालतात. पण प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे संविधानाचे कलम 350-अ सांगते. शिवाय भीमगडच्या जंगलातल्या गवाळी, आमगावात नेटवर्कची वानवा. धडे आधीच भरून द्या.

टेंडर काढताना चार्जर, बॅटरी आणि दुरुस्तीचा खर्च त्यातच धरा. नाहीतर पहिली काच फुटली की मुख्याध्यापक सगळे टॅबलेट कपाटात ठेवून कुलूप घालतील, आणि त्यांना तरी काय बोलणार? हिशेब त्यांनाच द्यायचा असतो.

हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावच्या सुवर्णसौधात याल तेव्हा तासभर काढून उद्यमबागेत या. कोणत्या शाळेला कोणती हत्यारे लागतील, त्याची यादी आम्ही तयार ठेवतो.

आपला,
उद्यमबागेतील एक लघुउद्योजक