मंत्रिमहोदय, माझं वजन माइकवर कशाला?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी आमच्या भागातल्या एका शाळेच्या मैदानावर मोफत लठ्ठपणा निवारण शिबिर झालं. फ्लेक्सवर आपला हसरा फोटो आणि खाली घोषवाक्य होतं, 'पोट आवरा, पुणे सावरा'. आपण आला नव्हतात, दीपप्रज्वलन दुसऱ्या कुणीतरी उरकलं. नऊची वेळ दिली होती आणि सुरू झालं अकराला. त्याबद्दल मी काही म्हणत नाही, सवय आहे.

पण वजनकाटा मंडपाच्या मधोमध ठेवला होता आणि एक मुलगा माइकवर आकडे पुकारत होता. माझी पाळी आली. "मावशी, चौऱ्याण्णव!" मी ज्या पतसंस्थेत कॅशियर आहे, तिथले दोन खातेदार मागे रांगेत उभे होते. सोमवारी खिडकी उघडली तर पहिलाच माणूस म्हणाला, "मॅडम, काल दिसलात तुम्ही शिबिरात." आणि नोटा मोजत बसला.

काट्यानंतर डॉक्टर. दीड मिनिटात त्यांचं निदान झालं, "ताई, तोंडाला कुलूप लावा." मी विचारलं, रात्री ते कुलूप तुटतं त्याचं काय? तोवर पुढचा नंबर पुकारला होता. बाहेर पडताना एक पिशवी मिळाली. त्यात कॅलरी लिहायची डायरी, पाण्याची बाटली आणि प्रायोजकांच्या क्रीम बिस्किटांचा पुडा. देवाशप्पथ सांगते, क्रीम बिस्किटंच होती.

आता रात्रीचं सांगते, कारण माइकवर निम्मंच सांगून झालंय. मी ४६ वर्षांची आहे. दिवसभर भाजी, ताक आणि एक भाकरी. रात्री दीडला जाग येते आणि मी स्वयंपाकघरात उभी असते. आधी बाकरवडीचा डबा. मग शिळी पोळी साखर घालून. मग लेकीच्या वाढदिवसाचा उरलेला केक, बोटांनी. दिवा लावत नाही, फ्रीजचाच उजेड पुरतो. चव कळत नाही, पोट दुखायला लागतं तरी हात थांबत नाही. सकाळी रिकामी पाकिटं पर्समध्ये घालून कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकते, घरच्या डब्यात दिसायला नकोत म्हणून. बावीस वर्षं मी याला हावरटपणा म्हणत होते. सासूबाई तर अजून म्हणतात.

मागच्या वर्षी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी याचं नाव सांगितलं, बिंज ईटिंग डिसऑर्डर. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा स्वतंत्र आजार आहे. त्या दिवशी रिक्षात मी घरापर्यंत रडले, लाज वाटली म्हणून नव्हे, बरं वाटलं म्हणून.

त्यानंतर मिळेल ते वाचलं. १९९४ साली लेप्टिन नावाचं हार्मोन सापडलं. शरीरातली चरबीच ते तयार करते आणि मेंदूला कळवते की साठा पुरेसा आहे. वजन उतरलं की लेप्टिन घटतं आणि मेंदू घरात दुष्काळ पडल्यासारखा वागू लागतो, भूक वाढवतो, खर्च आवळतो. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना घ्रेलिन हे दुसरं हार्मोन सापडलं, ते पोटातून भुकेची हाक घालतं. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले. बहुतेकांचं वजन परत आलेलं, आणि शरीर मात्र दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होतं. माझ्या हिशेबाने डाएटवाल्यांना मी आजवर तीन-साडेतीन लाख दिले असतील. या १४ जणांबद्दल त्यांच्यातला एकही बोलला नाही.

आणि 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणून आपण ज्याला हसतो, त्याचाही प्रयोग झालाय. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. नंतर पोटभर अन्न मिळाल्यावर काहीजण आजारी पडेपर्यंत खात सुटले, तरी समाधान होईना. त्यांनाही कुलूप सुचवायला हवं होतं आपल्या डॉक्टरांनी.

बरं, परदेशातलं राहू द्या. पुण्याचंच घ्या. इथल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेरची ती बाळं हडकुळी, पण चरबी राखून जन्मलेली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, चरबी मात्र साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. जगाने हे पुण्याकडून शिकायचं आणि पुण्यातल्या मंडपात 'मावशी, चौऱ्याण्णव!'

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले. एवढ्या सगळ्यांची इच्छाशक्ती एकदम संपावर गेली का हो? सप्टेंबर २०२५ मध्ये नमकीन, बिस्किटं, चॉकलेट यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. हे केंद्राचं, असं आपण म्हणाल. केंद्रवाले राज्याचं म्हणतील, राज्य महापालिकेचं म्हणेल, आणि महापालिका आमच्या रस्त्यावर खाण्याच्या सतरा की अठरा गाड्या उभ्या करून, फुटपाथ खणून ठेवून वर आम्हालाच सांगेल की चाला!

विमा? माझा बीएमआय ३८. वजनाची शस्त्रक्रिया विम्यात बसायला ४० लागतो, किंवा ३५ च्या वर असून सोबत हृदयविकार, आटोक्याबाहेरचा मधुमेह असं काहीतरी भारदस्त. म्हणजे आधी नीट बिघडा, मग या. मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजारासारखंच वागवायचं, हा कायदा २०१७ चा आहे. विमा कंपनीच्या फोनवरच्या मुलाने तो माझ्याकडून ऐकला आणि मला होल्डवर ठेवलं. अजून होल्डवरच आहे म्हणायचं.

मागण्या लिहायच्या राहिल्याच. एक, वजन पडद्याआड करा. दोन, सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी हार्मोनचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र बसवा. तिसरी लिहिणार होते, पण पहिलीला तरी काही खर्च नाही, एक चादर लागेल. नसेल तर मी आणून देईन.

आपली,
धायरीतली एक मतदार

ता. क. सोबत डायरी परत पाठवत आहे. बिस्किटांचा पुडा पाठवता येत नाही. तो त्याच रात्री संपला.