उन्हाळ्यातली क्रॅपी: आमिषांच्या पेटीआधी रॉड आणि होडी बघा

महोदय,

मे ते ऑगस्ट या काळात महाराष्ट्रातून कितीतरी आई-वडील अमेरिकेतल्या मुलांकडे येतात. मेम्फिस, जॅक्सन, लिटल रॉक या पट्ट्यात राहणाऱ्यांकडे मग एखाद्या रविवारी मासे पकडायला जायचा बेत निघतो, आणि कुणीतरी सांगते की क्रॅपी (गोड्या पाण्यातला एक मासा) वसंतातच मिळते, आता उशीर झाला. हा समज पक्का रुजलेला आहे, पण चुकीचा आहे. वसंतात अंडी घालायला क्रॅपी काठाला येते, म्हणून तेव्हा ती सोप्या गळालाही लागते. जूननंतर ती उघड्या पाण्यात, शॅड नावाच्या लहान माशांच्या थव्यांमागे फिरते. तिला शोधायचे तर पाणी विंचरावे लागते, म्हणजे चालत्या होडीमागून क्रँकबेट नावाचे आमिष ओढावे लागते. उत्तर मिसिसिपीतल्या सार्डिस, एनिड, ग्रेनाडा या धरणांच्या जलाशयांवर ही पद्धत उन्हाळ्यातली मुख्य पद्धत आहे. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम एनिडचाच आहे: 1957 सालचा, 5 पौंड 3 औंसांचा मासा, आणि तोही जुलैतला.

या पत्राचे कारण मात्र वेगळे आहे. नवशिके सगळा पैसा आमिषांच्या रंगांवर घालवतात आणि रॉड (गळाची काठी), रील (दोरी गुंडाळायचे यंत्र), होडी मिळेल तशी वापरतात. क्रम उलटा हवा.

क्रँकबेट म्हणजे पुढे पारदर्शक जीभ असलेले, माशाच्या आकाराचे, बहुधा तरंगणारे आमिष. ओढले की जीभ पाणी कापते आणि आमिष थरथरत खाली जाते, ओढ थांबली की वर येते. ते किती खोल जाईल हे तीन गोष्टींवर ठरते: किती दोरी सोडली, दोरी किती जाड आणि होडीचा वेग किती. बँडिट 300 जातीचे दोन इंची आमिष या जलाशयांवर सर्रास दिसते. 10 पौंडी मोनोफिलामेंट (एकपदरी नायलॉनच्या) दोरीवर, ताशी दीड मैलाच्या आसपास, 80 ते 100 फूट मागे सोडले की ते साधारण 10 ते 12 फुटांवर चालते. दोरी जाड घेतली की पाण्याचा अडथळा वाढतो आणि आमिष वर राहते. वेणीची बारीक दोरी खोल जाते, पण ती अजिबात ताणली जात नाही आणि क्रॅपीचे तोंड कागदासारखे पातळ असते, त्यामुळे झटक्यासरशी गळ तोंड फाडून निघतो. म्हणून सगळ्या रॉडवर एकाच कंपनीची, एकाच जाडीची मोनो दोरी असावी. दोन रॉडवर दोन प्रकारच्या दोऱ्या असतील तर एकीवर मासा लागला तरी दुसरीला काय शिकवायचे ते कळत नाही.

इथेच फूट मोजणारे रील लागते. त्याचे काउंटर खरे तर दोरी मोजत नाही, स्पूलचे, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चाकाचे फेरे मोजते. स्पूल अर्धे रिकामे असेल तर प्रत्येक फेऱ्यात कमी दोरी सुटते आणि काउंटर 100 दाखवत असताना प्रत्यक्षात 80च गेलेली असते. सगळी रील एकाच जातीची घ्यावीत, एकाच पातळीपर्यंत भरावीत, आणि मैदानात टेपने 100 फूट मोजून प्रत्येकाचा आकडा पडताळून घ्यावा. दोरी तुटून 30-40 फूट गेली की पुन्हा भरावी. हा कंटाळवाणा भाग आहे, पण तो टाळणाऱ्याची आमिषे वेगवेगळ्या खोलीवर फिरतात आणि मासे शेजारच्या होडीला मिळतात.

आता रॉड. फेकून मासे पकडण्याचा साडेसहा फुटी, ताठ ग्रॅफाइट रॉड या कामाला चालत नाही. होडी चालत असल्याने मासा लागताच त्याचे वजन आणि होडीची ओढ एकदम दोरीवर येतात, आणि तो धक्का रॉडने गिळायला हवा. त्यासाठी मध्यापर्यंत वाकणारा, फायबरग्लास किंवा फायबरग्लास मिश्रित रॉड घ्यावा. मात्र अगदी लुळाही नको. लुळा रॉड आमिषाच्या ओढीनेच कमान होऊन बसतो आणि टोकाची थरथर दिसत नाही. ती थरथर म्हणजे आपली पाण्याखालची बातमी. टोक एका लयीत हलत असेल तर आमिष नीट चालले आहे. लय थांबली किंवा जड झाली तर पान, शेवाळ किंवा लहानसा मासा अडकला आहे, आणि ती दोरी लगेच गुंडाळून पाहावी. शेवाळ लागलेले आमिष तासभर ओढत राहणे ही या प्रकारातली सर्वात महागडी चूक आहे.

लांबी होडीच्या मांडणीवरून ठरवावी. रॉड होडीच्या मागच्या भागातून दोन्ही बाजूंना काढायचे असतील तर प्रत्येक बाजूला 14, 10 आणि 6 फुटी असे तीन पुरतात. टोकांमध्ये चार-चार फुटांचे अंतर पडते. होडी सहा-सात फूट रुंद धरली तर जवळपास 30 फूट रुंदीचे पाणी विंचरले जाते. सगळ्यात लांब रॉड होडीला काटकोनात आणि पाण्याला समांतर ठेवावा. टोक उंच ठेवले की वाऱ्याने दोरीला पोट सुटते आणि दोऱ्या एकमेकींत जातात. बाहेरच्या रॉडला 100 फूट, मधल्याला 85, आतल्याला 70 अशी सुरुवात करावी. ओढीत लागलेली क्रॅपी पृष्ठभागाकडे येते, त्यामुळे बाहेरचा मासा आतल्या, आखूड दोऱ्यांवरून मागूनच पार करून आणता येतो. शिवाय पाण्याच्या तीन पातळ्या एकदम तपासल्या जातात. ज्या आकड्यावर दोन-तीन मासे लागतील तो बाकीच्यांना द्यावा.

दुसरी मांडणी याच भागात फार लोकप्रिय आहे: होडी आडवी ओढणे. ट्रोलिंग मोटर (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटर) पुढच्या टोकाऐवजी एका कडेला बसवायच्या, बहुतेक वेळा दोन, आणि होडी कडेच्या दिशेने चालवायची. रॉड दुसऱ्या कडेवर ओळीने लावायचे. 18-20 फुटी होडीत आठ रॉड मावतात, सगळ्यांची टोके समोर दिसतात, आणि वयस्क पाहुण्यांना जागेवर बसून रॉड हाताळता येतो. इथे होडीची लांबीच दोऱ्यांना अंतर देते, म्हणून रॉड एकाच लांबीचे चालतात. पण होडीची सगळी लांबी पाण्याला अडते, त्यामुळे मोटरवर भार खूप येतो. साधी 100 अँपिअर-अवरची शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणजे वापरायला 50 उरतात. मोटर 20 अँपिअर घेत असेल तर अडीच तासांत खेळ आटोपला. आडवी होडी ओढायची तर 24 व्होल्टची मोटर आणि भरपूर बॅटरी आधी, नाहीतर मागची मांडणीच बरी. वारा जोरात असेल तर आडव्या होडीच्या कडेवरून पाणी आत येते. तेव्हा ही मांडणी वापरूच नये.

पेट्रोलची 9.9 अश्वशक्तीची छोटी मोटर असेल तर हलकी होडी अगदी कमी गतीवरही ताशी दोन मैलांपुढे जाऊ शकते. पाण्यात ड्रिफ्ट सॉक (होडीला मागे ओढणारी कापडी पिशवी) सोडला की वेग उतरतो. सॉकची दोरी पुढून बांधावी आणि इतकी आखूड ठेवावी की तो पंख्यापर्यंत पोहोचणार नाही. वेग जीपीएसवर बघावा, 1.3 पासून 1.8 पर्यंत थोडा थोडा बदलून. नेमका वेग वळणावर कळतो. वळताना आतल्या बाजूची आमिषे मंदावतात आणि वर येतात, बाहेरची जोरात जातात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मासा लागला तर वेग वाढवून बघावा, आतल्या बाजूला लागला तर कमी करून. वळण मात्र मोठे, अर्धे मैदान फिरल्यासारखे घ्यावे. झटकन वळले की सहाच्या सहा दोऱ्यांचा गुंता होतो, आणि प्रत्येक आमिषाला दोन-दोन तीन-काट्यांचे गळ असतात.

मासा लागला की होडी थांबवू नये. थांबली तर दोऱ्या सैल होतात, आमिषे वर येऊन वाऱ्याने एकत्र होतात. रॉडला झटकाही देऊ नये, होडीच्या चालीनेच गळ रुततो. रॉड होल्डरमधून उचलून एका लयीत गुंडाळत आणावे आणि लांब दांड्याच्या जाळीने मासा उचलावा. दोरीने वर उचलताना बरेच मासे होडीच्या कडेशीच सुटतात.

होल्डर स्क्रूने पत्र्यावर बसवू नयेत. या जलाशयांत झाडांचे बुंधे भरपूर आहेत. आमिष बुंध्यात अडकले आणि ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट असला तर होल्डर रॉडसकट उपटून निघतो. आरपार बोल्ट घालून मागे जाड पट्टी द्यावी आणि ड्रॅग सैल ठेवावा. अडकल्यावर ओढाताण न करता दोरी ढिली सोडावी, तरंगणारे आमिष बऱ्याचदा आपोआप मोकळे होते.

नवे आमिष सोडण्याआधी होडीच्या कडेने ओढून बघावे. ते जाते त्या दिशेने पाहताना डावीकडे कलत असेल तर नाकावरची तारेची कडी पक्कडीने किंचित उजवीकडे वाकवावी. दोरीला जोडायला लहान गोल स्नॅप (उघडझाप होणारी कडी) पुरे. वजनदार फिरकी लावली तर थरथर मरते. सोनार यंत्रावर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या) मासे 12 फुटांवर दिसत असतील तर आमिष 10-11 वर चालवावे, कारण क्रॅपी वर बघून खाते, खाली क्वचित जाते. भर उन्हाळ्यात खालच्या थंड थरात प्राणवायू उरत नाही, तिथे आमिष ओढण्यात अर्थ नसतो. रंगांबद्दल इतकेच: गढूळ पाण्यात भडक, निवळ पाण्यात शॅडसारखा.

पाहुण्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मिसिसिपीत मासेमारीच्या परवान्यातून 65 वर्षे आणि त्यावरील लोकांना मिळणारी सूट त्या राज्याच्या रहिवाशांपुरती आहे. भारतातून आलेल्या आई-वडिलांना अनिवासी परवाना घ्यावा लागतो, तो थोड्या दिवसांचाही मिळतो. माणशी किती रॉड, किती मासे आणि किमान किती इंचांचा मासा ठेवता येतो हे जलाशयागणिक बदलते. वन्यजीव विभागाचे त्या वर्षीचे नियम वाचून मगच रॉडची संख्या ठरवावी, आणि मोजपट्टी होडीत ठेवावी.

आपला,
एक वाचक, मेम्फिस (टेनेसी)