आधी कॅबिनेट, वॅट मागाहून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वाद्यसामग्रीच्या जाहिरातींत आणि कित्येकदा तिच्यावरच्या लेखांतही बेस गिटारच्या ॲम्पची ओळख एकाच आकड्याने करून दिली जाते: इतके वॅट. तो आकडा पाहून नवा बेसवादक ३०० वॅटचा सोडून ५०० वॅटचा ॲम्प घेतो. ड्रमबरोबर पहिल्यांदा वाजवल्यावर त्याला प्रश्न पडतो, वरचे २०० वॅट गेले कुठे? ते कुठे जात नाहीत, कानाचा हिशेबच निराळा असतो. ताकद दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे ऐकणारा फार तर ‘थोडा वाढलाय वाटतं’ म्हणेल. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दसपट हवी. ३०० वरून ५०० वर गेल्याने हाती येतात जेमतेम सव्वादोन डेसिबल.

तेवढेच, किंबहुना त्याहून जास्त, कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेले खोके, बदलून मिळते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. एक कॅबिनेट ९४ चे आणि दुसरे १०० चे असेल, तर दुसऱ्याला १५० वॅट दिल्यावर जो आवाज येतो तो काढायला पहिल्याला ६०० वॅट लागतील. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की आधी कॅबिनेट ठरवावे आणि त्याला साजेसा ॲम्प मागाहून घ्यावा. या आकड्यातही एक मेख आहे. तो बहुतेक वेळा मधल्या पट्टीतला किंवा सरासरी असतो, खालच्या सुरांबद्दल त्यातून फारसे कळत नाही. त्यासाठी ‘उणे ३ डेसिबल’ला, म्हणजे आवाज ३ डेसिबलने घटेपर्यंत, कॅबिनेट कुठवर उतरते ते पाहावे. ‘उणे १०’चा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असेल, तर छापणाऱ्याला काय झाकायचे आहे ते समजून घ्यावे.

चार तारांच्या बेसवरची मोकळी ई ४१ हर्ट्झची आणि पाच तारांवरची बी ३१ हर्ट्झची. कार्यक्रमाला नेण्याजोगी बहुतेक कॅबिनेटे त्याच्या बरीच आधी, ५०-६० हर्ट्झच्या आसपास, हात टेकतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. ई वाजली की कानावर जोरात पडतो तो ८२ हर्ट्झचा, म्हणजे दुप्पट कंपनांचा, दुसरा स्वरांश, आणि मूळ सूर आपला मेंदू भरून काढतो. खरा घोटाळा होतो तो वादक ॲम्पवरचे बास बटण पूर्ण फिरवतो तेव्हा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिथे १० डेसिबल वाढवले, की त्या सुरासाठी ॲम्पकडे दसपट ताकद मागितली जाते. ॲम्प धापा टाकू लागतो, स्पीकरचा कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) नुसता पुढेमागे हलतो आणि आवाजात भर काहीच पडत नाही.

कॅबिनेटवर लिहिलेले ‘५०० वॅट’ हेही नीट वाचायला हवे. तो आकडा सहसा उष्णतेचा असतो, म्हणजे आतल्या व्हॉइस कॉइलची तार किती तापेपर्यंत टिकेल याचा. कोन किती मिलिमीटर पुढेमागे जाऊ शकतो ती मर्यादा वेगळी, आणि खालच्या सुरांना ती कितीतरी आधी गाठली जाते. पोर्ट (हवेसाठीचे भोक) असलेल्या कॅबिनेटमध्ये तर ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या सुराला जुळवलेले असते त्याच्या, खालचा सूर आला, की आतल्या हवेचा आधारच सुटतो आणि कोन मोकाट हलतो. उष्णतेच्या हिशेबाने ५०० वॅट झेपणारा स्पीकर अशा वेळी त्याच्या निम्म्याहूनही कमी ताकदीत फडफडू लागतो. यावर सोपा उपाय आहे हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक सुराच्या खालचे सगळे कापणारे सर्किट. ॲम्पमध्ये असेल तर उत्तम, नसेल तर पेडल मिळते. ते ३५-४० हर्ट्झवर ठेवले, तर ऐकणाऱ्याला काही कमी झाल्याचे कळत नाही आणि स्पीकरचे आयुष्य वाढते. जुने कॅबिनेट घेताना जाळी काढून दोन्ही हातांची बोटे कोनच्या कडेजवळ समोरासमोर ठेवावीत आणि कोन सरळ, हलकेच आत दाबावा. आतून खरखर जाणवली तर कॉइल घासतेय. ते कॅबिनेट घेऊ नये.

‘१५ इंची म्हणजे खोल, १० इंची म्हणजे खणखणीत’ हा समज तर पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. खोली ठरते ती स्पीकरची घडण, खोक्याचे आकारमान आणि ट्यूनिंग या तिघांच्या मेळावर. नुसत्या व्यासावरून काही सांगता येत नाही. हवा हलवण्याचा हिशेब केला, तर १० इंची चार स्पीकरांचे एकूण क्षेत्रफळ एका १५ इंचीच्या दीडपटीहून जास्त भरते. लहान खोके, खोल आवाज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. हा हॉफमनचा नियम म्हणून ओळखला जातो आणि कुठल्याही कंपनीला तो अजून मोडता आलेला नाही. १९६९ साली आलेल्या अँपेगच्या एसव्हीटीचे उदाहरण घ्या. ३०० वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प आणि १० इंची आठ स्पीकरांचे बंद कॅबिनेट. रॉकमधला बेस म्हटला की लोकांच्या कानात जो आवाज येतो तो याचा, आणि तरीही ४१ हर्ट्झचा मूळ सूर ते कॅबिनेट पुरता देत नाही. देते ते मधल्या पट्टीतले वजन. स्वतःचे वजन अर्थात ६० किलोच्या पुढे!

आता ओहमचा हिशेब, म्हणजे कॅबिनेट विजेला किती अडवते त्याचा; ओहम जितके कमी, तितका ॲम्पवर भार जास्त. सर्वांत जास्त ॲम्प जळतात ते इथेच. ८ ओहमची दोन कॅबिनेटे एका ॲम्पला जोडली की भार ४ ओहम होतो. ४ ओहमची दोन जोडली तर २. एक ८ आणि एक ४ असेल तर २.६७. ॲम्पच्या मागे दोन सॉकेट असतात म्हणून दोन स्वतंत्र वाटा आहेत असे अनेकांना वाटते. दोन्ही आतून समांतरच जोडलेले असतात. एका कॅबिनेटमधून दुसऱ्याला केबल नेली तरी हिशेब तोच. ॲम्पवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलेले असेल तर त्याखाली जाऊ नये. नशीब चांगले असेल तर संरक्षक सर्किट ऐन गाण्यात ॲम्प बंद करेल, नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातील. उलट, वर जायला ट्रान्झिस्टर ॲम्पची हरकत नसते, फक्त ताकद घटते. ४ ओहमला ५०० वॅट देणारा ॲम्प ८ ओहमला साधारण अडीचशे-तीनशेच देतो. व्हॉल्व्ह ॲम्पचे तसे नाही. तिथे मागच्या स्विचवरचा ओहम कॅबिनेटशी जुळलाच पाहिजे, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तो बदलणे हे सर्वांत महागडे काम.

यावरून खरेदीचे सूत्र निघते. आज एक आणि पुढे दुसरे असा विचार असेल, तर पहिले कॅबिनेट ८ ओहमचेच घ्यावे. ४ ओहमचे घेतले तर आज पूर्ण ताकद मिळेल, पण उद्याचे दार बंद. कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) घेणाऱ्यांनी हे जरूर विचारावे, की आतला स्पीकर किती ओहमचा आहे. तोच ४ चा असेल आणि ॲम्पची किमान मर्यादाही ४ असेल, तर बाहेरचे कॅबिनेट जोडताच येणार नाही. आत ८ ओहम असेल तर बाहेरचेही निदान ८ चे हवे.

दुसरे कॅबिनेट घ्यायचे तर पहिल्यासारखेच घ्यावे. १० इंची चारचे कॅबिनेट वर आणि १५ इंची एकाचे खाली, ही जोडी दिसते रुबाबदार, पण पंक्तीत वाढणे सारखे होत नाही. दोन्ही ८ ओहमची धरा आणि ॲम्प ४०० वॅट देतोय असे धरा. प्रत्येक कॅबिनेटला २०० वॅट जातात. दहा इंचींपैकी प्रत्येकाच्या वाट्याला ५०, आणि बिचाऱ्या एकट्या १५ इंचीवर पूर्ण २००. आधी मरतो तोच. शिवाय दोघांचा प्रतिसाद वेगवेगळ्या वेळी येतो, त्यामुळे काही सुरांवर ते एकमेकांना मारतात आणि मंचावर दोन पावले सरकले की आवाज बदलतो. अगदी एकसारखी दोन कॅबिनेटे घेतली, तर खालच्या पट्टीत ६ डेसिबलपर्यंत वाढ मिळते: निम्मी वाढलेल्या कोनांमुळे, निम्मी ॲम्पला ४ ओहमवर जास्त ताकद देता आल्यामुळे.

नेहमीच्या ड्रमरबरोबर, पीएचा (प्रेक्षकांसाठीच्या ध्वनियंत्रणेचा) आधार न घेता वाजवायचे असेल, तर १० इंची दोनची दोन कॅबिनेटे किंवा १२ इंचीची दोन आणि ४ ओहमला ४०० ते ५०० वॅट देणारे हेड (स्पीकरविना नुसता ॲम्प), एवढे पुरते. अकूस्टिक मंडळींबरोबर १२ इंची एक आणि १५० वॅट खूप झाले. मोठ्या मंचावर, जिथे पीएमधून बेस जातोच, तिथे ॲम्प फक्त तुमचा स्वतःचा मॉनिटर असतो. तिथे साउंडवाल्याला डीआय (ॲम्पमधून मिक्सरला जाणारी जोडणी) ‘प्री’वर, म्हणजे बटणांच्या आधीचा आवाज जाईल असा, ठेवून द्यावा, म्हणजे तुम्ही स्वतःसाठी फिरवलेली बटणे प्रेक्षकांच्या माथी बसत नाहीत.

ठेवण्याची रीतही आवाजाइतकीच महत्त्वाची. दोन स्पीकरांचे कॅबिनेट आडवे ठेवले, तर वरच्या मध्य पट्टीचा झोत दोन्ही बाजूंना अरुंद होतो आणि कडेला उभ्या असलेल्याला पोकळ आवाज येतो. तेच उभे करावे, स्पीकर एकावर एक. कॅबिनेट गुडघ्याशी आणि वादक दोन पावलांवर असेल, तर त्याला स्वतःचा बेस ऐकू येत नाही. तो आवाज वाढवतो आणि तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकांची छाती दणाणते. कॅबिनेट उंचावर घ्यावे किंवा तिरके करावे. मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज एका सुराला मारतो. तो सूर काढायला ३४३ ला (आवाजाचा सेकंदाला मीटरमधला वेग) अंतराच्या चौपटीने भागा. अंतर स्पीकरच्या कोनपासून मीटरमध्ये मोजायचे. १ मीटर असेल तर ८६ हर्ट्झला, म्हणजे ऐन ई-एफच्या दुसऱ्या स्वरांशाला, खड्डा पडतो. म्हणून कॅबिनेट भिंतीला जवळजवळ टेकवावे, मागे पोर्ट असेल तर १०-१५ सेंटीमीटर सोडून. कोपऱ्यात मात्र नको, तिथे सगळेच घुमते. पोकळ लाकडी मंचावर खाली फोमची जाड पट्टी ठेवली, की निम्मी घुमघुम जाते.

घरी बसून आवडलेला आवाज, म्हणजे खाली भरपूर, वर भरपूर आणि मध्ये खड्डा, बँडमध्ये गेला की नाहीसा होतो. ड्रमचा किक खालचे खातो, झांजा वरचे. ४०० ते ८०० हर्ट्झमध्ये बेसची ओळख असते, तिथे कापू नये. गढूळ वाटले तर २००-२५० ला थोडे कमी करावे. हॉर्न (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असेल तर तो आधी पूर्ण बंद करून सुरुवात करावी.

केबलबद्दल एकच: ॲम्प ते कॅबिनेट यांमध्ये गिटारची केबल लावू नये. तिची आतली तार बारीक असते, ती तापते आणि ताकद खाते. जाड दोन तारांची स्पीकर केबल हवी, आणि दोन्हीकडे असेल तर स्पीकऑन, म्हणजे फिरवून अडकवायचा जोड. तो घालून फिरवला की ‘कट्’ होतो. तो आवाज आला नाही तर जोड लागलेला नाही. साधा जॅक चालू ॲम्पला घालताना-काढताना क्षणभर शॉर्ट होतो. आजच्या हलक्या क्लास-डी हेडमध्ये आउटपुटच्या दोन्ही तारा बहुधा जिवंत असतात, म्हणून त्यांतली कुठलीही अर्थला लागू देऊ नये.

दुकानात जाताना आपला स्वतःचा बेस न्यावा. सगळी बटणे मध्यावर ठेवून मोकळी ई, मग हळूहळू वरपर्यंतचा प्रत्येक सूर सारख्याच जोराने वाजवावा. एखादा सूर एकदम फुगला किंवा गायब झाला, तर दोन पावले सरकून पुन्हा वाजवावा. तरीही तसाच राहिला तर दोष बहुधा खोलीचा नाही, कॅबिनेटचा आहे. मास्टरचे (एकूण आवाजाचे) बटण अर्ध्यावर आहे म्हणजे अर्धी ताकद शिल्लक आहे असे मानू नये. पुष्कळ ॲम्प अर्ध्यावर येण्याआधीच सगळे देऊन मोकळे होतात. आणि पसंत पडले तर पैसे देण्याआधी ते एकट्याने उचलून दारापर्यंत नेऊन पाहावे, एका हातात बेसची पेटी धरून.

आपले,
बेस वाजवणारे व साउंड सांभाळणारे काही वाचक