आवाहन : प्राध्यापकांचा कागदसंग्रह जतन करण्यासाठी साहाय्य हवे

जळगाव जिल्ह्यातील सर्व नागरिकांस सविनय नमस्कार.

संगणकशास्त्र शिकवत असतानाच माहितीविषयक कायदे व धोरणे यांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या, आपल्याच गावच्या एका दिवंगत प्राध्यापकांचा संपूर्ण कागदसंग्रह त्यांच्या कुटुंबीयांनी आमच्या वाचनालयाच्या स्वाधीन केला आहे. कुटुंबीयांच्या इच्छेनुसार येथे सरांचे नाव दिलेले नाही.

एकूण 19 खोकी आहेत. त्यांत वर्गातील टिपणे आहेत, जुन्या डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्रावर छापलेले प्रोग्राम आहेत, संगणकावर देवनागरीसाठी 1991 साली प्रमाणित झालेल्या इस्की संकेतप्रणालीवरील नोंदी आहेत. आमच्या मते सर्वांत मोलाचे आहेत ते माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 आणि माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 यांच्या प्रतींवर समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केंद्राच्या आधी, 2002 सालीच केला होता; त्या काळापासून सर एकच मुद्दा मांडत आले की, दप्तराची सूची नसेल तर कागद असूनही नागरिकाला तो मिळत नाही. 2005 च्या कायद्याच्या कलम 4 मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अभिलेख सूचीबद्ध ठेवावेत असे म्हटले आहे, आणि त्या कलमाखाली सरांनी दोन रेघा ओढल्या आहेत. त्यांच्याच कागदांची सूची अद्याप झालेली नाही, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

कागदांना वाळवी आणि गंजलेल्या टाचण्यांपासून धोका आहे, परंतु अधिक घाई याच संग्रहातील फ्लॉपींची, म्हणजे संगणकावरील मजकूर साठवण्याच्या जुन्या चकत्यांची आहे. त्यांवरील चुंबकीय थर काळाबरोबर क्षीण होतो, शिवाय उन्हाळ्यात 45 अंशांवर जाणारे खान्देशचे तापमान त्यांना मुळीच मानवत नाही. ज्या मजकुरासाठी युनिकोड ही आजची सर्वमान्य संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वीचे मराठी फॉन्ट वापरले आहेत, तो फ्लॉपी उघडली तरी रूपांतर केल्याशिवाय वाचता येणार नाही.

आम्लरहित वेष्टने, लोखंडी कपाटे व स्कॅनर यांसाठी सुमारे 3 लाख रुपये लागतील. पैशांइतकीच गरज चालू स्थितीतील सव्वापाच आणि साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्हची आहे. कोणाच्या माळ्यावर जुना संगणक पडून असल्यास कृपया तो भंगारात देऊ नये. सरांच्या माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन तास सूचीच्या कामाला दिले, तर ते आम्ही मोठे दान समजू, कारण सरांचे हस्ताक्षर ओळखणारी माणसे तीच आहेत. खोक्यांतील कागदांचा मूळ क्रम मात्र कोणीही बदलू नये.

या संग्रहात विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका आणि माहिती मागणाऱ्या अर्जदारांची नावे व पत्तेही आहेत. असे कागद वेगळे काढून मोहोरबंद ठेवले जातील, ते स्कॅन होणार नाहीत. व्यक्तीचे खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली दिला, त्याचे कात्रण सरांनी स्वतः जपून ठेवलेले आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन 1926 साली धुळ्यात झाले, आणि त्यांनी जमवलेली दप्तरे धुळेकरांनी सांभाळली म्हणूनच आजचे अभ्यासक ती पाहू शकतात. जळगावकरांकडून आमची तीच अपेक्षा आहे.

देणगी व साहित्य वाचनालयाच्या कार्यालयात सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते दुपारी 1 या वेळेत स्वीकारले जाईल आणि त्याची पावती लगेच दिली जाईल.

विश्वस्त मंडळ व ग्रंथपाल